अकरावी-बारावीच्या वर्गात अस्तित्ववाद आणि असंगत नाट्य: पहिल्यांदा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

अस्तित्ववाद (माणूस आधी असतो आणि आपण कोण हे आपल्या कृतींतून घडवतो, असे मानणारा विचार) आणि असंगत नाट्य (मानवी स्थितीतली विसंगती रचनेतून आणि भाषेतूनच दाखवणारी नाटके) हे विषय सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे मांडायचे म्हटले की नवे शिक्षक बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतात. फळ्यावर ‘जीवनाची निरर्थकता’ हे शब्द येतात, त्यांच्याखाली पाच-सहा वैशिष्ट्ये लिहिली जातात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि त्यानंतर नाटक वाचले जाते ते केवळ त्या वैशिष्ट्यांची उदाहरणे हुडकण्यासाठी. अशा रीतीने प्रश्नपत्रिका सुटते, पण मुलांनी नाटक वाचले असे काही म्हणता येत नाही. या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे. रंगमंचावर काय घडते ते मुलांनी आधी स्वतः करून पाहावे, मग तत्त्वज्ञानाकडे वळावे आणि तिथे जे हाती लागेल ते घेऊन पुन्हा नाटकाकडे यावे. या सगळ्याला साधारण सोळा ते अठरा तासिका लागतात. आपल्याकडे एवढ्या तासिका नसतील तर संहिता कमी कराव्यात, क्रम मात्र बदलू नये.

पहिली पायरी: संहिता निवडणे

एक पूर्ण नाटक, दुसऱ्या एका नाटकातले दोन उतारे आणि तत्त्वचिंतनाची आठ-दहा पाने एवढे साहित्य या वयाला पुरेसे आहे. पूर्ण नाटक म्हणून सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ घ्यावे. उतारे युजीन आयोनेस्को यांच्या ‘द बाल्ड सोप्रानो’मधून घ्यावेत. तत्त्वचिंतनासाठी ज्याँ-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या, ‘अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे’ अशी भूमिका मांडणाऱ्या व्याख्यानातला काही भाग आणि आल्बेर काम्यू यांच्या ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या १९४२ च्या ग्रंथातले सिसिफसवरचे (डोंगरावर शिळा पुन्हा पुन्हा ढकलत राहण्याची शिक्षा झालेला ग्रीक पुराणकथेतला राजा) शेवटचे छोटे प्रकरण निवडावे. काम्यू यांचा संपूर्ण ग्रंथ मुलांच्या हाती देण्याची घाई करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

सार्त्र यांचे ‘नो एक्झिट’ हे १९४४ चे एकांकी नाटक छोटे आहे, एकाच खोलीत घडते आणि त्यातले ‘नरक म्हणजे इतर माणसे’ हे वाक्य सर्वांना ठाऊक असते, म्हणून अनेक जण त्यानेच सुरुवात करतात. माझ्या मते ते शेवटी घ्यावे किंवा घेऊच नये. त्यात अर्भकहत्येचा आणि विवाहबाह्य संबंधांचा उल्लेख आहे, त्यामुळे शिक्षकाने ते आधी स्वतः पूर्ण वाचून आपल्या वर्गाला ते पेलेल का याचा निर्णय करायला हवा. परंतु खरा मुद्दा वेगळा आहे. ‘नो एक्झिट’मधली पात्रे सुसूत्र बोलतात, त्यांची गुपिते क्रमाक्रमाने उलगडतात, संघर्ष वाढत जातो आणि आपण कुठे आहोत हे प्रेक्षकाला नीट कळते. विचार अस्तित्ववादी असला तरी नाटकाची बांधणी पारंपरिक आहे. नाट्यसमीक्षक मार्टिन एसलिन यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ या आपल्या ग्रंथात हाच भेद दाखवला. सार्त्र आणि काम्यू मानवी स्थितीतली विसंगती तर्कशुद्ध, नेटक्या भाषेत मांडतात, तर बेकेट आणि आयोनेस्को तीच विसंगती नाटकाच्या रचनेत आणि भाषेत उतरवतात. असंगत नाट्य हे नावदेखील एसलिन यांच्या त्या ग्रंथामुळेच रूढ झाले. या नाटककारांनी एकत्र बसून कोणताही जाहीरनामा काढलेला नव्हता. हा भेद विद्यार्थ्यांना कळला तर बाकीचे सगळे सोपे होते, आणि तो कळायचा असेल तर बेकेट व आयोनेस्को आधी अनुभवलेले असावे लागतात.

दुसरी पायरी: शिक्षकाची स्वतःची तयारी

वर्गात जाण्यापूर्वी संपूर्ण ‘गोदो’ एकदा मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचताना ‘स्तब्धता’ ही रंगसूचना डोळ्यांखालून सहज निघून जाते. मोठ्याने वाचताना मात्र तिथे थांबावे लागते, आणि किती थांबायचे याचा निर्णय स्वतःला घ्यावा लागतो. हा अनुभव घेतलेला शिक्षक आणि न घेतलेला शिक्षक यांच्या तासात फार मोठा फरक पडतो.

इतिहास थोडक्यातच सांगावा, पण नेमका सांगावा. १९४० ते १९४४ या काळात पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. मूळचे आयरिश असलेले बेकेट तिथल्या प्रतिकार चळवळीच्या एका गटात काम करत होते. गटाचा सुगावा लागल्यावर त्यांना पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्समधल्या रूसियाँ या खेड्यात आश्रय घ्यावा लागला, आणि युद्ध संपण्याची वाट पाहत त्यांनी दोनेक वर्षे तिथे काढली. ‘गोदो’ त्यांनी १९४८-४९ च्या हिवाळ्यात फ्रेंचमध्ये लिहिले आणि त्याचा इंग्रजी अनुवादही स्वतःच केला. अल्जीरियात जन्मलेले काम्यू ‘काँबा’ या प्रतिकार चळवळीच्या वृत्तपत्राचे संपादक होते. आयोनेस्को यांनी रुमानियात आपल्या ओळखीची सुशिक्षित माणसे एकामागून एक फॅसिस्ट विचाराच्या आहारी जाताना पाहिली होती. १९५९ साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘ऱ्हिनोसेरॉस’ या नाटकामागे तो अनुभव आहे. एवढे सांगितले तरी ‘हे लेखक निराश होते, म्हणून त्यांनी असे लिहिले’ हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा निष्कर्ष काढताना मुले थबकतात. ही धोका पत्करून निवड करणारी माणसे होती.

सार्त्र १९३१ पासून ल हाव्र या बंदराच्या गावी शाळेत तत्त्वज्ञान शिकवत होते आणि तत्त्वज्ञ-लेखिका सिमोन द बोव्हार याही त्या काळात शाळेतच शिकवत होत्या, हे मुलांना अवश्य सांगावे. अस्तित्ववादाचे पहिले श्रोते त्यांच्याच वयाचे होते, हे ऐकून वर्ग सावरून बसतो.

तिसरी पायरी: पहिले दोन तास, व्याख्येशिवाय

पहिल्या तासाला फळ्यावर काहीही लिहू नये. ‘द बाल्ड सोप्रानो’च्या सुरुवातीचा, स्मिथ पतिपत्नींचा भाग वर्गातल्या दोघांना वाचायला द्यावा. घड्याळाचे सतरा ठोके पडतात आणि श्रीमती स्मिथ म्हणतात, नऊ वाजले. त्यानंतर त्या आपण रात्री काय जेवलो, आपण कुठे राहतो, आपले नाव काय, हे सर्व नवऱ्यालाच सांगत राहतात. वाचणाऱ्यांना एकच सूचना द्यावी: विनोद करायचा नाही, अगदी गंभीरपणे, बातम्या द्याव्यात तसे वाचायचे. वर्ग हसतो. हसू द्यावे. तास संपताना एवढेच विचारावे की नेमके कुठे हसू आले आणि का. उत्तरे फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहून ठेवावीत.

दुसऱ्या तासाला मार्टिन पतिपत्नींचा उतारा घ्यावा. एक स्त्री आणि एक पुरुष समोरासमोर बसले आहेत. आपण एकमेकांना कुठेतरी पाहिले असावे असे त्यांना वाटते. दोघेही मँचेस्टरचे, दोघे एकाच गाडीने आले, एकाच डब्यात बसले होते, एकाच रस्त्यावरच्या एकाच घरात राहतात, एकाच पलंगावर झोपतात, दोघांना एक डोळा पांढरा आणि एक लाल असलेली दोन वर्षांची मुलगी आहे. तेव्हा आपण नवराबायको आहोत असा निष्कर्ष ते मोठ्या आनंदाने काढतात. लगेच मोलकरीण येऊन प्रेक्षकांना सांगते की तो निष्कर्ष खोटा आहे, कारण त्याच्या मुलीचा उजवा डोळा पांढरा आहे आणि तिच्या मुलीचा डावा.

या उताऱ्यानंतर मुलांना पुराव्यांची यादी करायला सांगावी. तर्क कुठेही चुकलेला नाही, पुरावा भरपूर आहे, आणि तरीही ओळख पटत नाही. आयोनेस्को यांना हे नाटक सुचले ते इंग्रजी शिकण्याच्या पुस्तकातली वाक्ये पाठ करताना: आठवड्याचे दिवस सात असतात, छत वर असते, जमीन खाली असते. वाक्ये सगळी खरी, पण ती कोणी कोणाला उद्देशून म्हटलेली नाहीत. मुलांना त्यांच्या स्वतःच्या दिवसातली अशी वाक्ये आठवायला सांगावीत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरच्या सुप्रभात संदेशांपासून ते ‘मग काय विशेष?’पर्यंत त्यांच्याकडे खूप सामग्री निघते. ती गोळा करून ठेवावी, कारण शेवटच्या लेखनकार्यात तिचा उपयोग होतो.

हे नाटक ११ मे १९५० रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाले तेव्हा प्रेक्षक फारसे आले नव्हते. पुढे १९५७ पासून तिथल्याच ‘थिएत्र द ला युशेत’ या चिमुकल्या नाट्यगृहात त्याचे प्रयोग अनेक दशके चालत राहिले. ही माहिती तासाच्या शेवटी द्यावी, आधी नाही.

चौथी पायरी: तत्त्वज्ञान, तीन तासांत

सार्त्र यांच्या व्याख्यानातले दोनच भाग घ्यावेत. पहिला कागद कापायच्या सुरीचा. सुरी घडवण्यापूर्वी कारागिराच्या डोक्यात तिचा उपयोग आणि आकार ठरलेला असतो. माणसाच्या बाबतीत तसे आधी ठरवणारे कोणी नाही, म्हणून माणूस आधी असतो आणि आपण कोण हे नंतर आपल्या कृतींतून घडवतो. इथे एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘सर, देव मानणाऱ्यांचे काय?’ हा प्रश्न टाळू नये. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड हे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि अस्तित्ववादाची मुळे त्यांच्याकडे जातात. सार्त्र यांनी स्वतःच त्या व्याख्यानात श्रद्धावान आणि निरीश्वरवादी अशा दोन्ही प्रकारच्या अस्तित्ववाद्यांचा उल्लेख केला आहे. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले असतात. कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेणे हे या तासाचे काम नाही, आणि तसे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले तर चर्चा अधिक मोकळी होते.

दुसरा भाग या वयासाठी अतिशय मोलाचा आहे. युद्धकाळात एक विद्यार्थी सार्त्र यांच्याकडे सल्ल्यासाठी आला. त्याचा मोठा भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेला होता, वडील शत्रूशी सहकार्य करण्याकडे झुकले होते, आणि आईला या मुलाशिवाय कोणाचा आधार नव्हता. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे की आईजवळ राहायचे, असा त्याचा प्रश्न होता. इथे वाचन थांबवावे. प्रत्येकाने वहीत आपला निर्णय आणि कारण लिहावे. मग दोन गट करून चर्चा घ्यावी, पण मतदान घेऊ नये, कारण बहुमताने उत्तर मिळाले असे वाटले की प्रश्न तिथेच मरतो. चर्चेनंतर सार्त्र यांचे उत्तर वाचून दाखवावे: तू स्वतंत्र आहेस, निवड कर. बहुतेक मुलांना हे उत्तर म्हणजे जबाबदारी झटकणे वाटते. त्यांचा राग रास्त मानून पुढचा प्रश्न विचारावा: सल्ला कोणाकडे मागायचा हे ठरवताना त्या विद्यार्थ्याने अर्धी निवड आधीच केली नव्हती का? शाखा कोणती घ्यायची, घर सोडून शिकायला जायचे की नाही, हे निर्णय नुकतेच घेतलेल्या किंवा घेऊ घातलेल्या मुलांना हा प्रश्न थेट भिडतो.

सार्त्र यांच्या स्वातंत्र्याचा अर्थ ‘मनाला येईल ते करा’ असा होऊ देऊ नये. त्यांच्या मांडणीत निवड करणारा माणूस स्वतःसाठी निवडताना माणसाने कसे असावे याचेही एक चित्र निवडत असतो, आणि म्हणूनच त्या स्वातंत्र्याचे ओझे वाटते.

काम्यू यांच्यासाठी एक तास पुरे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांगावी. काम्यू यांच्या मते विसंगती एकट्या जगात नसते आणि एकट्या माणसातही नसते. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहते, आणि या दोहोंच्या गाठीतून विसंगती जन्मते. त्यामुळे ‘जीवन निरर्थक आहे असे काम्यू म्हणतात’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत आले तर ते अपुरे मानावे. सिसिफस आपली शिळा पुन्हा खाली गडगडताना पाहतो आणि ती परत वर ढकलण्यासाठी डोंगर उतरू लागतो. त्या उतरण्याच्या वेळेवर काम्यू यांचे लक्ष आहे, कारण त्या वेळी सिसिफसला आपली अवस्था पूर्ण ठाऊक असते. सिसिफस सुखी आहे अशी कल्पना केली पाहिजे, या त्यांच्या समारोपाशी मुलांनी वाद घालावा. काम्यू यांनी अस्तित्ववादी हे बिरूद स्वतःहून नाकारले होते आणि १९५२ साली सार्त्र यांच्याशी त्यांचा जाहीर दुरावा झाला, हेही या तासाला सांगून टाकावे. त्यामुळे दोघांना एका गाठोड्यात बांधण्याची सवय लागत नाही.

पाचवी पायरी: ‘वेटिंग फॉर गोदो’

यासाठी आठ तासिका राखाव्यात. वर्गातली बाके बाजूला सरकवून मोकळी जागा करावी आणि एका कोपऱ्यात झाड म्हणून एखादी खुर्ची ठेवावी. पाच पात्रे आहेत: झाडापाशी गोदो नावाच्या कोणाची तरी वाट पाहणारे दोघे मित्र व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन, तिथून जाणारा पोझो, त्याचा नोकर लकी आणि गोदोचा निरोप आणणारा एक मुलगा. वाचणाऱ्या जोड्या दर दहा मिनिटांनी बदलाव्यात, म्हणजे भूमिका ‘चांगले वाचणाऱ्या’ दोघांकडेच राहत नाहीत.

स्तब्धतेसाठी एका विद्यार्थ्याला घड्याळ घेऊन बसवावे. रंगसूचनेत स्तब्धता आली की तो मनात पाच मोजून हात वर करील, तोवर कोणी बोलायचे नाही. पहिल्या तासाला मुले अस्वस्थ होतात, खिदळतात, खोकतात. तिसऱ्या तासापर्यंत ती स्तब्धता वेगवेगळी आहे हे त्यांच्या लक्षात येऊ लागते. कधी पात्राला शब्द सुचत नाही म्हणून, कधी त्याला पुढचे बोलायचे नाही म्हणून, कधी दोघेही काही ऐकू येते का पाहत आहेत म्हणून. या नाटकाच्या अध्यापनातला हा सर्वांत फलदायी भाग आहे असे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याला वेळ देण्यासाठी टीपा लिहून देण्यातला वेळ खुशाल कापावा.

लकीचे लांबलचक, विरामचिन्हांविना धावणारे भाषण नव्या शिक्षकाला भीतिदायक वाटते आणि पुष्कळदा ते वगळले जाते. वगळू नये. त्याचे तीन तुकडे करून तीन गटांना द्यावेत. पहिल्या तुकड्यात माणसाकडे दुर्लक्ष करणारा देव आहे, दुसऱ्यात आहार, खेळ आणि प्रगती असूनही आकसत जाणारा माणूस आहे, तिसऱ्यात दगडांची थंड पृथ्वी आहे. प्रत्येक गटाने आपल्या तुकड्यात परत परत येणारे शब्द अधोरेखित करावेत आणि मग तो एका दमात म्हणावा. हे बडबडगीत नसून मोडलेले विद्वत्तापूर्ण व्याख्यान आहे, हे त्यांना ऐकताना कळते.

दोन्ही अंक वाचून झाल्यावर तुलनेचा एक पूर्ण तास घ्यावा. पहिल्या अंकात उघडे असलेले झाड दुसऱ्या अंकात चार-पाच पाने धरते. पोझो आंधळा झालेला असतो, लकी मुका झालेला असतो. निरोप आणणारा मुलगा काल आपण आलोच नव्हतो असे सांगतो. एस्ट्रागॉनला कालचे जवळपास काही आठवत नाही. दोन्ही अंक ‘चला, जाऊ या’ अशा आशयाच्या संवादावर संपतात, मात्र बोलणारे अदलाबदल झालेले असतात, आणि रंगसूचना दोन्हीकडे सांगते की ते हलत नाहीत. व्हिव्हियन मर्सिए या समीक्षकाने या नाटकात काहीच घडत नाही आणि तेही दोनदा, असे म्हटले होते. मुलांना हे वाक्य देऊन ते कुठे खरे आहे आणि कुठे खोटे, हे संहितेतल्या पुराव्यानिशी लिहायला सांगावे. वरवर पुनरावृत्ती दिसते, पण खरे तर दुसऱ्या अंकात परिस्थिती बरीच खालावलेली आहे, आणि तरीही दोघे एकमेकांना सोडत नाहीत.

‘गोदो म्हणजे कोण?’ हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो. तो वर्गाच्या मागच्या भिंतीवर कागद लावून तिथे लिहून ठेवावा आणि नाटक संपेपर्यंत त्याला हात लावू नये. अमेरिकेतले दिग्दर्शक ॲलन श्नायडर यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा, मला माहीत असते तर मी ते नाटकात सांगितले असते, असे उत्तर बेकेट यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. देव, मृत्यू, स्वातंत्र्य, नोकरी अशी एकशब्दी उत्तरे आली तर प्रत्येकाला एकच प्रतिप्रश्न करावा: हे उत्तर घेतल्यावर मुलगा जे सांगतो, की गोदो त्याच्या भावाला मारतो, त्याचा अर्थ काय लावाल?

शेवटच्या तासाला दोन प्रयोगांची हकिगत सांगावी. जानेवारी १९५६ मध्ये मायामीत या नाटकाची जाहिरात धमाल विनोदी नाटक म्हणून झाली होती; सुट्टीसाठी आलेले प्रेक्षक मध्यंतरातच मोठ्या संख्येने उठून गेले. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने सुमारे १,४०० कैद्यांपुढे तेच नाटक केले. त्यात स्त्रीपात्र नाही, हे निवडीचे एक मुख्य कारण होते. कैद्यांनी ते एकाग्र होऊन पाहिले, आणि पुढे त्या तुरुंगात कैद्यांचे स्वतःचे नाट्यमंडळ उभे राहिले. एसलिन यांचा ग्रंथ याच घटनेने सुरू होतो. वाट पाहणे म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावे लागत नव्हते, त्यांना नाटक अवघड गेले नाही.

सहावी पायरी: मृत्यू आणि आत्महत्येचे उल्लेख

‘गोदो’मधली दोघे मित्र झाडाला गळफास घेण्याची चर्चा दोनदा करतात, आणि काम्यू यांच्या ग्रंथाची सुरुवातच आत्महत्येच्या प्रश्नाने होते. म्हणूनच तो संपूर्ण ग्रंथ मुलांकडे एकट्याने वाचायला देऊ नये असे वर म्हटले. हे उल्लेख लपवून शिकवणे शक्य नाही आणि इष्टही नाही, परंतु त्याची पूर्वतयारी हवी. युनिट सुरू करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना कळवावे. ते प्रवेश येण्याच्या आदल्या तासाला वर्गाला साध्या शब्दांत कल्पना द्यावी आणि कोणाला त्या दिवशी वाचायचे नसेल तर कारण न विचारता मुभा द्यावी. गळफासाचा अभिनय वर्गात करवून घेऊ नये, तो भाग बसून वाचावा. काम्यू यांचे उत्तर आत्महत्येच्या विरोधात आहे, हे संदिग्ध ठेवू नये. ते तिला प्रश्नापासूनची पळवाट मानतात. एखाद्या मुलाच्या वहीत किंवा बोलण्यात स्वतःविषयी काळजी वाटावी असे काही आढळले तर ते साहित्यिक प्रतिसाद म्हणून तपासू नये. त्याच दिवशी त्याच्याशी एकांतात बोलावे, समुपदेशकांना आणि पालकांना सामील करावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक सर्व मुलांना सरसकट द्यावा, कोणा एकाला बाजूला घेऊन नव्हे.

सातवी पायरी: मराठी नाटकाशी जोडणी

मराठी मुलांना शिकवताना सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ दोन तास घ्यावे. १९७४ साली पुण्यात थिएटर ॲकॅडमीने रंगमंचावर आणलेल्या या नाटकात मेलेले भाऊराव बोलत राहतात आणि आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतात. भोवती चाळीतली माणसे, शोकाचे ठरावीक विधी आणि ठरावीक वाक्ये आहेत, आणि हे सर्व कीर्तनाच्या बाजात चालते. मार्टिन दांपत्याची ठरावीक वाक्ये आणि इथली सांत्वनाची वाक्ये शेजारीशेजारी ठेवून वाचली तर तुलना आपोआप उभी राहते. मात्र ‘हे मराठीतले असंगत नाटक’ असा शिक्का मारून थांबू नये. पॅरिसच्या नाटकांतली पोकळी युद्धोत्तर आहे, आळेकरांच्या नाटकातला समाज कर्मकांडांनी गच्च भरलेला आहे, आणि रूप कीर्तनातून आलेले आहे. कुठे साम्य संपते हे शोधणे अधिक उपयोगाचे. अवांतर वाचनासाठी भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची ‘कोसला’ सुचवावी. वसतिगृहात राहणारा पांडुरंग सांगवीकर मुलांना लवकर आपलासा वाटतो.

आठवी पायरी: लेखन आणि गुणदान

‘असंगत नाट्याची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी एखादे पान द्यावे आणि त्यातल्या तीन रंगसूचना संवादाचा अर्थ कसा बदलतात ते विचारावे. निबंधासाठी सार्त्र यांचा विद्यार्थी आणि व्लादिमिर यांच्या वाट्याला आलेल्या निवडींची तुलना चांगली ठरते.

स्वतंत्र लेखनात दोन पानांचा प्रवेश लिहायला द्यावा, त्यासाठी तिसऱ्या पायरीत जमवलेली रोजची वाक्ये वापरावीत. पहिल्या खर्ड्यात बहुतेक मुले वाटेल ते लिहितात: हत्ती येतो, छत पडते, कोणीतरी किंचाळते. त्यांना परत मार्टिन दांपत्याकडे न्यावे. तिथे तर्काची शिस्त अतिशय कडक आहे आणि विसंगती त्या शिस्तीतूनच निर्माण होते. म्हणून प्रवेश लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने त्यात पाळला जाणारा एक नियम वहीच्या वरच्या ओळीत लिहावा, उदाहरणार्थ, कोणीही प्रश्नाला उत्तर देणार नाही, किंवा प्रत्येक जण समोरच्याचे आधीचे वाक्य आपले म्हणून सांगेल. गुण त्या नियमाच्या पालनाला आणि शेवटी तो मोडण्याच्या किंवा न मोडण्याच्या निर्णयाला द्यावेत. विद्यार्थ्याचे मत आशावादी आहे की निराशावादी यावर एकही गुण अवलंबून असू नये.

नववी पायरी: प्रयोग करायचा असल्यास

मुले उत्साहाने स्नेहसंमेलनात ‘गोदो’ करू म्हणतात. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. काम्यू १९६० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची मूळ फ्रेंच पुस्तके आता खुली आहेत, पण अनुवादांचे हक्क स्वतंत्र असतात. बेकेट १९८९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०४९ अखेरपर्यंत राहतील. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. आंतरशालेय स्पर्धा, तिकीट लावलेला कार्यक्रम किंवा यूट्यूबवर चित्रफीत टाकणे या सवलतीत बसते असे गृहीत धरू नये, त्यासाठी आधी लेखी परवानगी मागावी. बेकेट स्वतः रंगसूचनांबाबत फार काटेकोर होते. १९८८ साली नेदरलँड्समधल्या एका संस्थेने ‘गोदो’त स्त्रिया घेतल्या तेव्हा ते न्यायालयापर्यंत गेले, जरी तिथे निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. वर्गात मुलींनी व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन वाचायला अर्थातच कोणतीही अडचण नाही. जाहीर प्रयोगाचा अर्ज करताना मात्र पात्रयोजना, संहितेतली काटछाट आणि प्रयोगाची तारीख ही तिन्ही माहिती पहिल्याच पत्रात द्यावी आणि तालमी सुरू करण्यापूर्वी उत्तरासाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवावा.